ताईच्या मनगटातली नस

माझी ताई जन्मापासून बहिरी. कानांनी ऐकलं नाही म्हणून तोंडाने बोललीही नाही. आमच्या लहानपणी तसल्या मुलांची शाळा दिग्रसला नव्हती आणि तिला परगावी ठेवायची आईची छाती झाली नाही. त्यामुळे शाळेतल्या खुणा ती कधी शिकली नाही. आमची भाषा घरातच तयार झाली. मिशी पिळली की बाबा. कानामागे पदर खोचला की आई. चिमटीने वेणी ओढली की मी. चिमटीतून काही भुरभुरवलं की मीठ, तेच डोक्याच्या वरून केलं की पाऊस. ही भाषा घरातल्या चौघांना येत होती. बाबा लकव्याने गेले, तीन वर्षांनी आई गेली, आणि ती येणाऱ्या आम्ही दोघीच उरलो. शेजारच्या बायांना त्यातलं कामापुरतं कळायचं. पण कालचं, उद्याचं, मनातलं सांगायचं तर तिला मी आणि मला ती.

लग्न दोघींचंही झालं नाही. तिचं जमलं नाही, माझं मी जमू दिलं नाही. ती घरी ब्लाउज शिवायची, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचं, येताना भाजी घ्यायची, असं आमचं पंचवीस वर्षं चाललं. त्रेपन्नाव्या वर्षी मला मुख्याध्यापिकेची पदोन्नती आली आणि शाळा मिळाली ती राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून राळेगाव, तिथून पुढे मिळेल ती गाडी. रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. पदोन्नती नाकारता आली असती. मी नाकारली नाही.

"सोमवारी जाईन, शनिवारी येईन," मी ताईला हातांनी सांगितलं. तिने मधले दिवस बोटांवर मोजले, मान हलवली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

गावात एका शेतकऱ्याच्या घराला लागून मला खोली मिळाली. वेगळं दार, वेगळी मोरी. घरमालकीण माझ्याच वयाची होती, पण दिवस उजाडला की कापसात, नाहीतर सोयाबीनमध्ये. येता-जाता "कसं काय मॅडम?" एवढंच. मंडळी चांगली होती, आपल्यापुरती राहणारी होती. शाळा पाच वाजता सुटायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला कोणाशी एक शब्द बोलायचं कारण नसायचं. ट्रॅक्टर, लग्नाचा डीजे, कुत्री, देवळातला भोंगा, सगळं कानावर यायचं. त्या मुक्या घरात मी जितकं बोलत होते, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही इथे बोलत नव्हते.

त्यावर उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. रोज आठ वाजता ताई तेलाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची आणि दोन्ही हात मोकळे करून बसायची. गल्लीतल्या कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणी ब्लाउजचं माप ऐनवेळी बदलून घेतलं, कोणत्या बाईने गळा खोल शिवायला सांगून वर तिलाच दोष दिला, सगळं ती नकलांसकट सांगायची. तासभर सहज जायचा. मी अंथरुणावर बसून एकटीच हसायची. पलीकडच्या घरात ते ऐकू जात असणार.

मग ते कमी होत गेलं. दिवाळीनंतर केव्हातरी सुरुवात झाली असावी. ती आखडतं बोलू लागली. मधेच हात झटकायची. वेणीची खूण चिमटीने न करता सगळी मूठ आवळून करायची. एकदा मीठ संपलं म्हणाली की पाऊस आला म्हणाली, ते मला कळलंच नाही. परत विचारलं तर तोंड फिरवलं. पुढे पुढे पाच मिनिटं झाली की तळहात समोर धरून "पुरे" म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा. शनिवारी घरी गेले तरी तेच. जेवण वाढायची, पाठ करून बसायची.

मला वाटलं, रागावली आहे. पदोन्नतीसाठी तिला एकटं टाकून गेले म्हणून अबोला धरला आहे. शाळेत जाता-येता मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायची. जन्मभर तुझ्यासाठीच तर राहिले, आता चार वर्षं माझी म्हणून घेतली तर एवढं काय? असं भांडून भांडून मलाच राग चढला. एका शनिवारी मी "शाळेचं काम आहे" म्हणून खोटं सांगितलं आणि गेलेच नाही. पुढच्या शनिवारीही तेच केलं. ते दोन रविवार मी खोलीत कसे काढले, ते आठवलं की अजून अंगावर येतं. दुपारी तांदूळ निवडायला घेतले. ते आधीच निवडलेले होते.

तिसऱ्या शनिवारी मात्र गेले. ताई भाकरी टाकत होती. मी उंबऱ्यात उभी होते, तिची पाठ माझ्याकडे होती. तिने तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आणि बोटं तिथेच राहिली. तव्याच्या काठावर टेकलेली. चटका बसल्यावर माणूस हात मागे घेतो तसा तिने घेतला नाही. मी धावत जाऊन तिचं मनगट धरून ओढलं. पहिल्या बोटाला ताजा फोड येत होता. मधल्या बोटाला एक जुना, फुटून काळा पडलेला होता. अंगठ्याच्या टोकाला सुईच्या टोचण्या होत्या, किती तरी.

तिने हात सोडवून घेतला. मग डाव्या हाताने उजव्याचा अंगठा, पहिलं, मधलं बोट एकेक करून दाखवलं आणि गालाखाली तळवा धरून डोळे मिटले.

"झोपलेत," ती म्हणाली. करंगळी तेवढी वर केली. "ही जागी आहे."

"काहून नाही सांगितलं मले?"

तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "कशानं सांगू?"

आमच्या निम्म्याहून जास्त खुणा चिमटीच्या. अंगठा आणि ती दोन बोटं गेली की तिला धड माझं नावही घेता येत नव्हतं. मग तिने तोंड एका बाजूला वाकडं करून मिशी पिळली. बाबा. शेवटच्या वर्षात बाबांचं बोलणं लकव्याने असंच लडबडलं होतं. ते तिने ऐकलं नव्हतं, पण त्यांच्या ओठांकडे बघून आम्ही कशा कंटाळायचो ते तिने पाहिलं होतं. तिला वाटलं, आता तिचीच पाळी.

"तू दोन शनिवार आली नाहीस," ती म्हणाली. "मले वाटलं, माह्यं असं बोलणं पाहून तू कंटाळली."

भाकरी तव्यावर जळून गेली. त्या दिवशी आम्ही दूध-पोहे खाल्ले.

सोमवारी मी रजा टाकली. दिग्रसच्या डॉक्टरांनी तिचा हात उलटसुलट केला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसला होता, तो मला दाखवला. म्हणाले, "लकवा नाही. मनगटातून एक नस बोटांकडे जाते, ती दबली असेल. बाया शिवणकाम करतात, कापूस वेचतात, त्यांच्यात पाहतो आम्ही. यवतमाळला जाऊन तपासणी करा." लकवा नाही, हे मी ताईला तीनदा सांगितलं. तिने तीनदा मान हलवली, पण विश्वास काही बसला नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात आधी करंटची तपासणी होती. हाताला तारा लावून बारीक झटके देतात आणि नस किती लवकर काम करते ते यंत्रावर बघतात. मी ताईला समजावलं होतं, पण करंट म्हणजे काय हे आमच्या भाषेत नीट सांगताच येत नाही. आमच्याकडे विजेसाठी जी खूण आहे ती आभाळातल्या विजेची. पहिला झटका बसला आणि ती खुर्चीवरून उठली. दोन्ही हात काखेत घालून भिंतीला लागून उभी राहिली. कपाळावर घाम. तपासणाऱ्या भाऊंनी दोनदा विनवलं. मग तेच म्हणाले, "राहू द्या मॅडम. सोनोग्राफीत पण दिसते. डॉक्टरांना विचारून पाहू."

सोनोग्राफीच्या बाहेर बाकांवर सगळ्या पोटुश्या बाया बसल्या होत्या. भिंतीवर गर्भातल्या मुला-मुलीची तपासणी इथे होत नाही, असा बोर्ड. ताईने बायांच्या पोटांकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "मी? या वयात?" अनेक महिन्यांनी तिने केलेला तो पहिला विनोद. मी हसले, तशा चार बाया आमच्याकडे बघायला लागल्या.

आतल्या डॉक्टर तिशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी ताईला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं, हात उशीवर ठेवायला लावला आणि दिवा बंद केला. यंत्राचा पडदा अंधारात चांगला दिसतो म्हणून. पण दिवा गेला आणि माझे हात ताईला दिसेनासे झाले. तिचा उजवा हात डॉक्टरांच्या हातात, मनगटावर गार जेल, आणि समोर मी नुसती सावली. करंटवाल्या खोलीतली भीती अजून तिच्या अंगातून गेली नव्हती. तिच्या घशातून एक आवाज निघाला. तिचा आवाज मी जन्मात मोजून आठ-दहा वेळा ऐकला असेल.

"दिवा लावा, डॉक्टर," मी म्हणाले. "तिला अंधारात बोलता येत नाही."

डॉक्टरांनी नुसता दिवा लावला नाही, खिडकीचा पडदाही सरकवला. पडदा काढल्यावर त्यांना यंत्रावरचं दिसायला डोळे बारीक करावे लागत होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मी ताईसमोर उकिडवी बसले. "झटका नाही. नुसतं पाहणं आहे. फोटोसारखं."

डॉक्टरांनी साबणाच्या वडीएवढा तो यंत्राचा तुकडा मनगटावर आडवा ठेवला. पडद्यावर करड्या रेघा हलल्या आणि त्यांच्यात एक लांबट गोल दिसला, आत बारीक बारीक काळे ठिपके, मधाच्या पोळ्यासारखे. "ही तुमची नस," डॉक्टर ताईकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही. हे मला आवडलं. मग त्या मला म्हणाल्या, "त्यांना बोटं हलवायला सांगा. नस सरकते का ते बघायचं आहे."

मी सांगितलं, बोटं हलव. ताईने विचारलं, "काय बोलू?"

आमच्यात बोटं हलवणं म्हणजे बोलणंच. मी म्हणाले, "काहीही बोल."

ती जरा विचारात पडली. मग उशीवर टेकलेल्या हाताच्या त्या झोपलेल्या बोटांनी, जमेल तसं म्हणाली: वांगी. मेथी. लसूण. बाजारातून आणायच्या वस्तू सांगत होती. पडद्यावर तो गोल थोडा हलायचा आणि अडायचा. बाजूच्या, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या सरसर सरकत होत्या, नस मात्र जागच्या जागी दबून होती. मी ताईच्या हाताकडे पाहू की पडद्याकडे, असं मला झालं.

"आता हलू नका म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चित्र थांबवलं आणि नसेच्या काठाकाठाने ठिपक्यांची रेघ ओढत नेली. रेघ जुळली तसा कोपऱ्यात आकडा आला. अठरा. चौरस मिलिमीटर. "साधारण दहाच्या आत असतं," त्या म्हणाल्या. "दाबाच्या अलीकडे नस सुजते, म्हणून आकडा वाढतो." डाव्या हाताचा तेरा आला.

ताई त्या ठिपक्यांच्या रेघेकडे टक लावून पाहत होती. रेघ ओढून माप घेणं तिला सांगावं लागलं नाही. तिने मोकळ्या हाताने मला विचारलं, "किती?" मी दहा दाखवले, मग अठरा दाखवले. ती पडद्याजवळ वाकली. नसेच्या वर एक पांढरी पट्टी आडवी होती, तिच्यावर तिने बोट ठेवलं. मग स्वतःच्या ब्लाउजची बाही मुठीत धरून दंडावर आवळून दाखवली आणि काखेच्या शिवणीतून टाके ओढून काढल्याची खूण केली.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणते, बाही घट्ट झाली आहे. उसवा."

"अहो, ऑपरेशन हेच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही वरची पट्टी कापून मोकळी करतात. मी अर्धा तास समजावते तरी लोकांना कळत नाही."

ताईचं एवढ्यावर भागलं नाही. तिने माझं मनगट धरलं आणि डॉक्टरांसमोर ठेवलं. वेणी ओढायचा प्रयत्न केला. "हिचं पण मोजा." बाहेर बाया खोळंबल्या होत्या, मी नको नको म्हणत होते, पण डॉक्टरांनी जेल लावलं. गार लागलं. पडद्यावर माझी नस आली, चपटी, लहानशी. आठ. ताईने आकडा दोनदा पाहिला आणि माझं मनगट स्वतःच्या पदराने पुसलं. त्या पुसण्यात मला रडू आलं. माझ्या हाताला त्याआधी कोणी कधी हात लावला होता, ते मला आठवेना.

उजव्या हाताचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं. तेवढ्याच भागाला भूल देऊन. ती जागी होती, मी बाहेर. पट्टी बारा दिवस होती. मी सगळी रजा तिथे घातली. त्या बारा दिवसांत ती डाव्या हाताने बोलायची, तोही अर्धा बधिर. वाक्य अर्धवट राहायचं, उरलेलं मी डोळ्यांवरून जुळवायची. चुकलं की ती पाय आपटायची. टाके निघाल्यावर आठेक दिवसांनी एका सकाळी तिने डब्यातलं मीठ चिमटीत धरलं, बोटांवर चोळलं आणि मला उठवून सांगितलं, "खरखरीत लागून राह्यलं." अंगठ्याखालचा खळगा काही भरला नाही. सुईत दोरा ओवायला अजून वेळ लागतो. पण बोटं जागी झाली.

रजा संपली आणि मी खोलीवर परतले. आठचा फोन पुन्हा तासभराचा झाला. डाव्या हाताचं नंतर बघू, उन्हाळ्याच्या सुटीत मी आले की जाऊ, असं ठरलं होतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी आठ वाजता पडदा उजळला तर ताईच्या डाव्या मनगटावर पांढरी पट्टी.

"झालं," ती म्हणाली. चेहरा हसरा.

शेजारच्या काकू तिच्या मागून पडद्यात आल्या. "काल जाऊन आलतो आम्ही यवतमाळले," त्या म्हणाल्या. "त्या सोनोग्राफीवाल्या मॅडमनं बरोबर ओळखलं हिले. आल्याबरोबर खिडकीचा पडदा सरकवला. कागदावर चित्र काढून दाखवलं, हिनं मुंडी हलवली, अन् आज सकाळी ऑपरेशन होऊन दुपारी आलो बी. काही कटकट नाही झाली."

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. तोंडानेही आणि हातांनीही.

ताई म्हणाली, "तुह्यी रजा संपली होती."

खरंच संपली होती. तिने शहाणपणच केलं होतं. मी "बरं झालं" म्हणाले, काळजी घे म्हणाले, फोन ठेवला आणि जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी फोन उचलला नाही. ताईला माझी गरज आहे, ही गोष्ट मी इतकी वर्षं खरी मानून चालले होते. त्या एका गोष्टीवर माझं सगळं उभं होतं, हे मला तेव्हा कळलं. काकूंना नुसत्या सोबतीने काम भागवता आलं. डॉक्टरांना कागदावरच्या चित्राने आणि खिडकीने. मग मी कोण?

तिसऱ्या दिवशी तिने आठ वाजता केला, सव्वाआठला केला, साडेआठला केला. मी उचलला. "हात झोपले तुह्ये?" तिने विचारलं.

मला सांगायचं होतं की मला इथे एकटं वाटतं. पण त्याला आमच्याकडे खूण नव्हती. एक म्हणजे एक बोट, एवढीच होती. मी एक बोट वर केलं. ते खोलीभर फिरवलं. पलंग, मोरी, वह्यांचा ढीग, बंद दार. मग छातीवर ठेवलं. ताईला वाटलं मी खोलीत एकच दिवा आहे म्हणते आहे. मी नाही म्हणाले, पुन्हा केलं. या वेळी तिला कळलं. तिचा हसरा चेहरा उतरला.

मग तिने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

"दार काहून लावलं?"

"सवय आहे."

"माह्यं दार उघडं असते," ती म्हणाली. "कोणी वाजवलं तर मले कळते थोडंच? म्हणून उघडं ठेवते. बाया सरळ आत येतात. तू कान असून लावून बसते."

हे तिने रागावून सांगितलं, मोठ्या बहिणीसारखं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी दार उघडं टाकलं आणि आत वह्या तपासत बसले. चोरट्यासारखं वाटत होतं. पाऊण तास कोणीच आलं नाही. मग घरमालकिणीची एक कोंबडी आत आली, पलंगाखाली गेली आणि निघेना. तिच्यामागे मालकीण आली, पदर खोचून, उंबऱ्याबाहेर थांबली.

"मॅडम, येऊ का? कोंबडी गेली तुमच्या घरात."

"या ना," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी मिळून कोंबडी हाकलली. मग ती जायला निघाली आणि गेली नाही. वह्यांचा ढीग पाहून म्हणाली, "एवढ्या सगळ्या तपासता?" मी म्हणाले, "बसा. चहा ठेवते."

"नको, आत्ताच घेतला," ती म्हणाली. खरंच घेतला होता की नाही, मला माहीत नाही. पण ती दाराशी खाली बसली, भिंतीला पाठ लावून, आणि पाय लांब केले. म्हणाली, दिवसभर कापूस वेचून हाताला मुंग्या येतात. रात्री झटकत बसावं लागते.

"कोणत्या बोटांना?" मी विचारलं.

तिने अंगठा आणि पहिली दोन बोटं दाखवली. मी वही बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.